पारा आणि ताईची अंगठी

मिठाला मीठ म्हणणं मी बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं. आईनं "मीठ दे वं जरा" म्हटलं की मी चिनीमातीची बरणी पुढे सरकवत "घे सोडियम क्लोराइड" म्हणायची आणि मग कुणी विचारलेलं नसताना पुढचंही सांगायची. सोडियम म्हणजे पाण्यात टाकला तर पेट घेणारा धातू आणि क्लोरीन म्हणजे लढाईत माणसं मारायला वापरलेला विषारी वायू. या दोघांचा संयोग झाला की ते आपण वरणात घालतो, हा केवढा चमत्कार! आई पोळपाटावरून नजर न उचलता म्हणायची, "म्हणजे एकेकटे असताना वांड होते, लग्न झाल्यावर सुधरले." मला तिच्या अडाणीपणाची कीव यायची. आज वाटतं, संयुगाची याहून सोपी व्याख्या मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचली नाही. पण तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची होते आणि त्या वयात आईचं बोलणं ऐकायला कान नसतात.

अमरावतीच्या अंबापेठेतलं आमचं घर भाड्याचं, तीन खोल्यांचं, शहाबादी फरशीचं. आप्पा वकील होते, पण घरात त्यांचा आवाज कुणाला फारसा ऐकू येत नसे. कोर्टात सगळा खर्चून येत असावेत. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला की आई उठायची, भोंग्याआधी पाणी आलं असेल तर भोंग्याआधी. मग पितळी बंबात कोळसे टाकल्याचा आवाज, ताईच्या बांगड्यांचा आवाज, आणि त्यावर माझा आवाज. बंब तापत असताना मी पितळेची उष्णतावाहकता समजावून सांगत असे. ताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. ती ऐकून घ्यायची. घरात ऐकून घेणारं एकच माणूस असलं की बोलणाऱ्याला वाटतं आपण फार रंजक बोलतो.

एकदा रविवारी वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असा बेत होता. आप्पा खूश होते. मला वाटलं, ही वेळ फॉस्फरसच्या शोधाची आहे. मी सांगितलं की एका जर्मन किमयागाराला सोनं करायचं होतं. सोनं पिवळं म्हणून त्यानं पिवळाच पदार्थ निवडला. बादल्या भरभरून लघवी गोळा केली, ती सडू दिली, मग आटवत आटवत इतकी आटवली की शेवटी अंधारात चमकणारा मेणासारखा गोळा उरला. इथवर आले तेव्हा आप्पांनी अर्धी भाकरी तशीच ठेवून हात धुतला होता. "नलू," ते उठताना म्हणाले, "कोर्टात साक्षीदारालासुद्धा आम्ही विचारलं तेवढंच बोल म्हणतो." आणखी एकदा सूर्यग्रहणाच्या दिवशी आई दह्यादुधात तुळशीची पानं टाकत होती, तेव्हा मी तिला सांगितलं की हेलियम हा वायू पृथ्वीच्या आधी सूर्यात सापडला, तोही आपल्याच देशात गुंटूरकडे दिसलेल्या ग्रहणात. आई म्हणाली, "सूर्यात सापडला ना? मग तिथंच राहू दे त्याले. इथं जागा नाही."

या सगळ्याचं मूळ म्हणजे आमचे लेले सर. ते पुण्याचे. अमरावतीत येऊन केस पांढरे झाले तरी त्यांची भाषा इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखी होती. वऱ्हाडीत 'ला'चं 'ले' होतं, त्यामुळे "लेलेले विचार", "लेलेले सांग" हा विनोद दरवर्षीच्या नव्या मुलांना नव्यानं सुचायचा आणि सर दरवर्षी तो न ऐकल्यासारखं करायचे. शिकवायचे मात्र असं, की फळ्यावर नुसतं चिन्ह काढलं तरी ते मूलद्रव्य वर्गात येऊन बसल्यासारखं वाटे. रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियम, पाण्याखाली ठेवलेला फॉस्फरस, जांभळ्या वाफा सोडणारं आयोडीन, आणि पाऱ्याची ती इवलीशी बाटली, जी उचलताना हात खाली ओढला जाई. प्रत्येक मूलद्रव्याचा क्रम ठरलेला: आधी गुणधर्म, मग शोध, मग उपयोग आणि सगळ्यात शेवटी धोके. धोके येईपर्यंत तास संपत आलेला असायचा आणि मला भूक लागलेली असायची. त्यामुळे माझ्या वहीत प्रत्येक मूलद्रव्य अत्यंत गुणी आणि उपयोगी होतं. धोके लिहून घ्यायची ती माझ्या शेजारी बसणारी जुबेदा. तिच्या अब्बांचं इतवारा बाजारात जडीबुटीचं दुकान होतं. गंधक, हिंगूळ, तुरटी, नवसागर हे सगळं तिनं लहानपणापासून पुड्यांत बांधलेलं, त्यामुळे तिला त्याचं कौतुक कमी आणि धाक जास्त. "नलू, तू तं शायरी ऐकल्यासारखी बसून राहते," ती म्हणायची, "ये केमिस्ट्री है बाई."

त्या हिवाळ्यात ताईचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याच्या शाळेत शिक्षक, घरची शेती तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात. साखरपुड्यात त्यांच्याकडून ताईला अंगठी आली. नक्षी नाही, खडा नाही, साधी, पण जाड. मुलाच्या आईच्या बोटातली होती ती, वितळवून नव्यानं घडवलेली. ताई दिवसातून कितीदा तरी तिच्याकडे बघायची आणि मी बघतेय हे दिसलं की पदर नीट करायची. मी तिला सोन्याबद्दल सांगितलं, की ते गंजत नाही, कुठल्या एका आम्लात विरघळत नाही, हजारो वर्षं जमिनीत पुरलं तरी जसंच्या तसं राहतं. "कशानंच काही होत नाही त्याला," मी म्हणाले. ही माझी सोन्याबद्दलची संपूर्ण माहिती. पारा आणि सोनं यांच्याबद्दलचं वाक्य बहुधा तासाच्या शेवटी आलं असणार.

लग्नाच्या कामांसाठी अकोल्याची मावशी येऊन राहिली होती. अंगणात कुरड्यांचा चीक घोटला जात होता, बाजेवर साड्या पसरून त्यावर शेवया वाळत होत्या. आणि त्या गडबडीत आप्पांना ताप आला. ताप बघायचं काम अर्थातच माझ्याकडे. थर्मामीटर झटकायची माझी एक पद्धत होती. मनगटाला असा काही हिसका द्यायचा की बघणाऱ्याला वाटावं, ही पोरगी मोठ्या दवाखान्यात नोकरीला आहे. मी हिसका दिला, हात पितळी बंबाच्या काठावर आपटला आणि थर्मामीटर फुटलं. दुसरं कुणी असतं तर हळहळलं असतं. मी ओरडले, "ताई, मावशी, लवकर या! पारा बघा!"

फरशीवर चकचकीत मणी धावत होते. मी कागदानं ते एकमेकांत ढकलून एकत्र केले, स्टीलच्या वाटीत घेतले आणि वाटी फिरवत व्याख्यान सुरू केलं. धातू असून पातळ. पातळ असून ओलं करत नाही. लोखंड टाकलं तर त्यावर तरंगेल. आप्पा आत तापानं कण्हत होते आणि बाहेर त्यांची लेक पाऱ्याची आरती ओवाळत होती. "हात लावून बघ, ताई," मी म्हणाले. ताईनं अंगठीचं बोट वाटीत घातलं. गुदगुल्या झाल्यासारखी हसली. परत घातलं. मग तिनं हात वर काढला आणि हसू तिथंच थांबलं. अंगठी पांढरी झाली होती. अर्धी चांदीसारखी, आणि बघता बघता तो पांढरेपणा उरलेल्या पिवळ्यावर पसरत होता.

ताईनं पदरानं पुसलं. चिंच लावून घासलं. राख लावून घासलं. अंगठी अधिकच चकचकीत पांढरी झाली. मावशीच्या हातातला सोऱ्या चिकासकट खाली आला. "सोनं पांढरं पडलं," ती म्हणाली, मोठ्यानं नाही, अगदी हळू, आणि म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "नवऱ्याकडचं सोनं, लग्नाच्या तोंडावर पांढरं पडलं. बाप्पा रे!" पांढरं म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आई भिंतीला टेकून खाली बसली. ताई अंगठीकडे अशी बघत होती, जसं एखाद्याचं दुखणं आपल्याच हातून वाढलं असावं.

मी म्हटलं, "काही अपशकुन वगैरे नाही. पारा सोन्यात मुरतो. त्याला तापवलं की पारा उडून जातो आणि सोनं खाली राहतं. इतकं सोपं आहे!" हे वाक्य मला ऐन वेळी आठवलं आणि माझी छाती फुगली. पुढचं वाक्य आठवलं नाही. मावशीनं परत काही पाहू नये म्हणून ताईला घेऊन मी स्वयंपाकघरात शिरले. आमचं स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं श्वास आत घेऊन जावं एवढं. दार लावलं. खिडकी लावली, कारण वाऱ्यानं स्टोव्ह विझत होता. चिमट्यात अंगठी धरून मी ज्योतीवर फिरवू लागले. उरलेल्या पाऱ्याची वाटी ओट्यावर नको म्हणून स्टोव्हच्या कडेलाच ठेवली होती, ती आपोआप तापत होती. तिकडे माझं लक्षच नव्हतं. धूर नाही, वास नाही, काही नाही. अंगठीवर कुठे कुठे पिवळेपणा दिसायला लागला. "बघ!" मी म्हणाले. ताई वाकून अगदी जवळून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्यावरचा पूर्ण विश्वास होता. तो चेहरा मला आजही आठवतो, आणि त्या आठवणीतही मी खिडकी उघडत नाही.

जुबेदा माझी प्रयोगवही परत द्यायला आली होती. अंगणात मावशीनं तिला सगळं रडून सांगितलं असणार, कारण तिनं दार ठोठावलं नाही, सरळ खांद्यानं ढकललं. "पारा तापवून राहिली? दरवाजा बंद करून?" तिचा आवाज इतका चढला की आप्पा तापात उठून बसले. तिनं ओढणी नाकाला लावली, खिडकी उघडली, स्टोव्ह विझवला, ताईच्या दंडाला धरून तिला अंगणात ओढलं आणि मग परत येऊन मला. "बह्याड पोट्टी! पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, सर बोलले होते ना? तू काय झोपली होती काय?" मी अभिमानानं सांगणार होते की मी वर्गात कधी झोपत नाही. पण तोंडात पैसा चघळल्यासारखी चव आली होती आणि खोकला सुरू झाला तो थांबेना.

संध्याकाळपर्यंत आम्हा दोघींना हुडहुडी भरली. माझं काय ते जाऊ द्या. ताईला श्वास लागला. दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर ती उशीला टेकून बसलेली आणि तिच्या छातीतून कोरड्या पानांवरून कुणी चालावं तसा आवाज येत होता. आम्हाला शेजारी-शेजारी खाटा मिळाल्या होत्या. मध्ये स्टुलावर आप्पा, स्वतः तापलेले, खांद्यावर घोंगडी. डॉक्टरांनी त्यांना बाजूला नेऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण परत आल्यावर आप्पांनी ताईच्या पायाला हात लावला, नुसता लावून ठेवला. मी म्हणाले, "आप्पा, मला माहीत नव्हतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "बोलू नकोस आता," ते म्हणाले, "खोकला वाढेल." त्या क्षणापासून काही दिवस मी खरोखरच काही बोलले नाही. घरातल्या लोकांना हे पाऱ्याच्या विषबाधेचं सगळ्यात गंभीर लक्षण वाटलं.

ताईचा श्वास हळूहळू सुटत गेला. इकडे जुबेदा आमच्या घरी जाऊन फरशीच्या फटींत गंधकाची पूड भरून आली होती. अब्बांच्या दुकानातून आणलेली भली मोठी पुडी, कारण गंधक पाऱ्याला धरून ठेवतो. तेव्हापासून कितीतरी दिवस आमच्या माजघराला दिवाळीच्या फटाक्यांचा वास येत होता.

आता प्रश्न अंगठीचा. ती अजून ठिकठिकाणी पांढरीच होती, कोड फुटलेली कातडी दिसावी तशी, आणि तेल्हाऱ्याची मंडळी बस्त्याला, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीला, अमरावतीला यायची होती. मावशीनं सुचवलं की अंगठी सैल होती म्हणून सोनाराकडे दिलीय, असं सांगू आणि तशीच दुसरी करून घेऊ. आईला पटत होतं. ताई, जी घरात कधी कुणाला नाही म्हणत नसे, खाटेवरून म्हणाली, "नाही. त्यांच्या आईच्या हातातली आहे ती. मी त्यांना खोटं सांगून त्यांच्या घरात जाणार नाही. लग्न मोडलं तर मोडलं." आणि परत खोकू लागली. मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या एका व्याख्यानानं माझ्या बहिणीचं लग्न मोडणार होतं आणि त्यावर मला एकही शास्त्रीय वाक्य सुचत नव्हतं.

ताई आजारी असल्याचं कळलं, तशी मंडळी बस्त्याला न जाता सरळ दवाखान्यात आली. पुढे भाऊजींच्या आई, ज्यांना मी पुढे आयुष्यभर काकू म्हणाले. नऊवारी, उंच, हातात फडक्यात बांधलेला डबा. मागे काका, पांढरं धोतर, पांढरी टोपी, तोंडातून अक्षर नाही. भाऊजी दाराशीच अडखळले होते, ताईकडे बघावं की बघू नये या पेचात. ताईनं उठून बसायचा प्रयत्न केला, अंगठी काढून काकूंच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. फक्त "नलूनं" असं न म्हणता प्रत्येक वेळी "आम्ही दोघींनी" म्हणाली.

काकूंनी अंगठी उजेडात धरली. उलटी-सुलटी केली. मावशीला राहवलं नाही. "विहीणबाई, सोनं पांढरं पडलं, मनाला लावून घेऊ नका, पण शांत करून घेऊ काहीतरी..."

"काहून?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे... पांढरं..."

"अवं बाई, पांढऱ्याचं काय घेऊन बसल्या तुमी? आमचं गाव खारपानात हाये. इहिरीचं पानी खारट. भांडे पांढरे, माठ पांढरा, उन्हाळ्यात वावरातली मातीबी पांढरी होते. माह्या लुगड्याले पाह्यलं का, धुतलं का मिठाचे डाग. म्हून काय आमच्या गावातले नवरे मरून राहिले काय? हे पाहा," त्यांनी मागे बोट केलं, "हे बसले जिते."

काकांनी टोपी सारखी करून आपण जिवंत असल्याची पावती दिली. भाऊजी दाराशी हसले. ताई हसायला गेली आणि खोकली, आणि काकूंनी डबा उघडून तिला गरम सोजी भरवायला सुरुवात केली. मग घास तसाच धरून त्या माझ्याकडे वळल्या. "हे का ते शास्त्र शिकनारी पोट्टी?" मी मान हलवली. "भल्ली हुशार दिसते. दोन जीव जात होते." त्यांनी अंगठी फडक्याच्या टोकाला बांधली. "बिघडवली तुमच्या शास्त्रानं ना? मंग नीट करनारा शास्त्रवाला कुठी बसते, तेथी घेऊन चाल मले."

डॉक्टरांना विचारून मी त्यांना कॉलेजात घेऊन गेले आणि असे आमचे लेले सर आणि काकू एकमेकांसमोर आले. जुबेदानं सरांना आधीच सगळं सांगितलं होतं. मला त्यांनी एक शब्दही सुनावला नाही, फक्त प्रयोगशाळेच्या दाराशी उभी केली आणि धोक्यांचं पान मोठ्यानं वाचायला लावलं. मी पाऱ्याचे धोके वाचत होते, खोकत होते, आणि वाचता वाचता ते पान माझ्याविषयीच लिहिलेलं आहे असं वाटत होतं. सरांनी धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात चंचुपात्र ठेवलं, त्यात पाणी घालून पातळ केलेलं नायट्रिक आम्ल, आणि काकूंना म्हणाले, "बाई, आपण जरा मागे सरकता का?"

"काहून? म्या काय पिऊन राहिली काय तुमचं आशिड?"

"तसं नव्हे. वाफा घातक असतात."

"मंग तुमी कसे उभे हा?"

सर स्वतः एक पाऊल मागे सरले. मी त्यांना कुणाचं ऐकून मागे सरताना पहिल्यांदाच पाहिलं. अंगठी आत पडली, तिच्याभोवती बारीक फुगे आले, तांबूस वाफ निघाली आणि कपाटातून वर गेली. सरांनी सांगितलं की आम्ल पाऱ्याला घेईल, सोन्याला हात लावणार नाही. काकू काचेला नाक लावून बघत होत्या. बाहेर काढून, धुऊन, सरांनी ती त्यांच्या हातावर ठेवली. अंगठी पिवळी होती, पण मळकट, खरखरीत, झळाळी गेलेली. "सराफ चकाकी देईल," सर ओशाळून म्हणाले.

काकूंनी ती नखानं खरवडून पाहिली. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "माह्या हातबी असेच हायेत."

लग्न झालं. ताईचा आवाज बसलेलाच होता. नाव घेताना फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेलं आणि मागच्या रांगांनी आपापल्या मनानं टाळ्या वाजवल्या. माझ्या हिरड्या सुजल्या होत्या. त्यामुळे बुंदीचे लाडू, वडे, कोथिंबिरीच्या सांबारवड्या, सगळं पंगतीत माझ्यासमोरून गेलं आणि मी वाटीतून पातळ सोजी पीत बसले. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगितली जाते. दरवेळी पारा वाढत जातो. अलीकडे एका भाच्यानं तर बादलीभर पारा केला आहे. माझी नातवंडं डिजिटल थर्मामीटर काखेत धरून मला विचारतात की आजी, यात पारा कुठंय, आणि मी फक्त नाही म्हणते. त्यांना पुढचं ऐकायचं असतं. मी सांगत नाही; आप्पांचं ते विचारलं तेवढंच बोलणं फार उशिरा अंगी लागलं.

त्याच उन्हाळ्यात मी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला आणि तिथून एसटीनं तेल्हाऱ्याच्या पुढे ताईच्या सासरी गेले. सरांनी माझ्याबरोबर काळ्या कागदात गुंडाळलेली सिल्व्हर नायट्रेटची बाटली दिली होती. काकूंचा निरोप होता, की त्या पोरीले म्हणा, येवढं समजते तं आमच्या पान्यात काय हाये ते सांगून जाय. त्या घरात पहिला घोट घेतला आणि समजलं. चहा खारट. डाळ सकाळपासून चुलीवर आणि दुपारीही टणक. ताई दमून गेलेली दिसत नव्हती, उलट हसत होती. बोटात ती मळकट अंगठी. अंगणात बाया जमल्या. मी काचेच्या पेल्यात विहिरीचं पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. बाया "अगं माय!" म्हणाल्या. मला पुन्हा ती जुनी गुदगुली झाली, खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, "याचा अर्थ पाण्यात क्लोराइड आहे. म्हणजे मीठ. खूप आहे."

"हे तं माह्या जिभेलेबी मालूम हाये," काकू म्हणाल्या. "ते जाईन कसं, ते सांग."

उकळून जात नाही. गाळून जात नाही. तुरटीनं जात नाही. माझ्याकडचे सगळे उपाय मी मनातल्या मनात एकेक करून खोडले. ऊन चढत होतं, बाया वाट बघत होत्या. "मला नाही माहीत, काकू," मी म्हणाले.

"मंग पाहून सांगजो," त्या म्हणाल्या आणि पेला उपडा करून तुळशीपासून दूर ओतला.

पाहायला माझं सगळं आयुष्य गेलं. अकोल्याच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले ती निवृत्त होईपर्यंत; खारपाणातल्या किती विहिरींचं पाणी काचेत धरून पाहिलं, त्याचा हिशोब नाही. त्या पाण्यानं लोकांची मूत्रपिंडं कशी जातात हे पाहिलं, अहवाल लिहिले, सभांत बोलले, बऱ्याचदा विचारलं त्याहून जास्त. उत्तर शेवटी माझ्या काचेतून आलं नाहीच. डोंगराकडच्या धरणाचं पाणी नळानं गावात आलं. त्या दिवशी ताईनं मुद्दाम मला बोलावलं. काकू तेव्हा खूप थकल्या होत्या, अंगणातल्या बाजेवर पाय पसरून बसलेल्या. मी स्वतः नळाखाली पेला धरला, उजेडात धरून पाहिला, सवयीनं, आणि त्यांच्या हातात दिला. निर्मळ, हलकं, गोड पाणी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काकूंनी घोट घेतला. तोंडात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"अवं, याले तं काईच चव नाही," त्या म्हणाल्या. "जाय, एक लोटा इहिरीतलं घेऊन ये."

मी त्यांना क्लोराइड सांगितलं, सल्फेट सांगितलं, मूत्रपिंडं सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? जाय आता." आणि मी, पाणी तपासण्यात केस पिकवलेली बाई, सगळे धोके तोंडपाठ असलेली, मुकाट उठले, लोटा घेतला आणि विहिरीवर गेले.